वोल्ने: फिकट, महाग, तरी 'नजाकतदार'? जाणकारांनो, जरा फोड करून सांगा

तळघर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. मे महिन्यात एक मित्र पॅरिसहून पुण्याला येतोय आणि दोन बाटल्या आणायला तयार आहे. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या लाल वाइनमध्ये नजाकत हवी तर वोल्ने गावची, असं जो तो सांगतो, म्हणून तीच मनात आहे. दुकानाच्या यादीत तीन नावं आहेत: साधी वोल्ने २०१८, वोल्ने प्रीमिये क्रू (म्हणजे वरच्या दर्जाच्या शेताची) साँतनो २०२१ आणि पॉमार २०१९. यातल्या दोन घ्यायच्या.

शंका अशा. नजाकत म्हणजे नेमकं काय, की पातळ वाइनला दिलेलं गोंडस नाव? वोल्नेत एकही ग्रां क्रू, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचं शेत, नाही म्हणे, मग भाव एवढा का? साँतनो हे शेत नकाशावर शेजारच्या मर्सो गावात दिसतं, मग बाटलीवर वोल्ने कसं? दुकानदार टोपी घालतोय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुण्याच्या मे महिन्यात बाटली ठेवायची कुठे?

कडूकॉफी
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. तेवढ्या पैशांत गोव्याला जाऊन येता येतं एवढीच नोंद करतो.

ल्योंकर
तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती सोपी आहे. दुकानदार खरं बोलतोय. साँतनो मर्सोच्या हद्दीतच आहे. पण मर्सो गाव पांढऱ्यासाठी प्रसिद्ध आणि या तुकड्यातली लाल मात्र वोल्नेच्या वळणाची. म्हणून कायदा असा, की तिथे पिनो न्वार ही काळी द्राक्षं लावून लाल केली तर 'वोल्ने-साँतनो प्रीमिये क्रू', आणि शार्दोने ही पांढरी द्राक्षं लावून पांढरी केली तर 'मर्सो प्रीमिये क्रू'. वोल्ने या नावाने पांढरी वाइन विकताच येत नाही.

आता भूगोल. दिजोंपासून दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटर एक चिंचोळा, पूर्वेकडे तोंड करून बसलेला उतार आहे. त्याचं नाव कोत दॉर. उत्तरेचा अर्धा कोत द नुई, दक्षिणेचा कोत द बोन. बोन शहर सोडून दक्षिणेला निघालं की आधी पॉमार, मग वोल्ने, मग मर्सो. वोल्ने उताराच्या वरच्या अंगाला चिकटलेलं छोटं गाव आहे, बहुतेक वेली गावाच्या खाली. वेलींखालची जमीन दोनशेच्या थोडी वर हेक्टर, आणि त्यातली निम्म्याहून जास्त प्रीमिये क्रू दर्जाची. हे प्रमाण फार मोठं आहे. सगळ्या बर्गंडीत प्रीमिये क्रूचा वाटा साधारण दहा टक्के असतो.

खवचट_खडीसाखर
म्हणजे जमीन मर्सोची, सातबारा वोल्नेचा. हे आपल्याकडे चालू आहेच की, फ्रेंचांनी काय नवीन केलं.

अर्धागुंठा
खडीसाखर, गंमत म्हणून लिहिलंत पण उपमा चपखल आहे. बर्गंडी समजून घ्यायला सातबाऱ्यासारखी किल्ली नाही. तिथे प्रत्येक शेताला नाव आहे, हद्द आहे आणि त्या हद्दीला कायद्याचं पाठबळ आहे. अशा नावाच्या तुकड्याला क्लिमा म्हणतात. असे १,२४७ क्लिमा २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. गट नंबर समजा, फक्त आकड्याऐवजी 'कायरे', 'तायपिए', 'शांपां' अशी नावं.

आणि वाटण्या. राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी लिलावात निघाल्या, पुढे १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने वारसांना समान हिस्सा दिला. परिणाम आपण जाणतोच. क्लो द वूजो नावाचं एकच भिंतबंद शेत साधारण ५० हेक्टरचं, मालक ऐंशीच्या आसपास. एकेकाला मोजक्याच ओळी. म्हणून बर्गंडीत शेताचं नाव कळून अर्धंच काम होतं, उरलेलं अर्धं म्हणजे कोणाच्या हिश्श्यातली.

अवांतर: तिथलं जुनं माप 'उव्हरे' अजून बोलण्यात आहे. एका माणसाने एका दिवसात कसता येईल एवढी जमीन, म्हणजे ४.२८ आर. आपले सव्वाचार गुंठे. खरेदीचा भाव अजूनही कित्येकदा उव्हरेवर सांगतात.

सुंठसाखर
ऐंशी मालक आणि बांधावरून भांडण नाही? विश्वास बसत नाही.

अर्धागुंठा
भांडायला बांधच ठेवत नाहीत हो. ओळीच्या टोकाला दगड असतो, तेवढाच. हेक्टरी १०,००० वेली, एक मीटर बाय एक मीटर. म्हणून ट्रॅक्टरसुद्धा उंच पायांचा, ओळीच्या डोक्यावरून जाणारा.

माळरान
मूळ प्रश्नाकडे: नजाकत कुठून येते? जमिनीतून. तळाला चुनखडक आहे. उतारावर सर्वांत वरती मातीचा थर पातळ आणि पांढुरका, मधल्या पट्ट्यात पांढरा चुनखडक, त्याखाली लोहाच्या अंशाने तांबूस झालेली खडेमिश्रित माती, आणि पायथ्याला खोल, गोटाळ जमीन. चांगले प्रीमिये क्रू बहुतेक मधल्या पट्ट्यात. कायरे हे नावच दगडगोट्यांवरून पडलंय. गावात जुनी म्हण आहे, कायरेत ज्याची वेल नाही त्याला वोल्नेचं मोल ठाऊक नाही.

उलट शेजारच्या पॉमारमध्ये चिकणमाती जास्त, लोह जास्त. ती माती पाणी धरून ठेवते, त्यातून वाइन भरदार आणि जास्त तुरट होते. वोल्नेच्या पातळ मातीत पाण्याचा निचरा झटकन होतो, मणी लहान राहतो, वाइन सुगंधी आणि सडपातळ.

पिंपवाला
माळरान, अर्धं मान्य, अर्धं अजिबात नाही. पॉमार-वोल्नेच्या हद्दीवर एक जागा आहे. वोल्नेच्या बाजूला तिला 'फ्रेमिए' म्हणतात, पॉमारच्या बाजूला 'फ्रेमिये'. उतार तोच, नावही जवळपास तेच. तरी दुकानात एक नाजूक म्हणून विकली जाते, दुसरी रांगडी म्हणून. तिथे माती बदलली की बनवणाऱ्याच्या डोक्यातली वाइन?

नजाकतीचा मोठा हिस्सा द्राक्षं आंबवायच्या हौदाशी ठरतो. पिनोची साल पातळ. शिवाय रंगद्रव्याचा जो प्रकार इतर बऱ्याच काळ्या द्राक्षांत टिकाऊ रंग देतो तो पिनोत नाहीच, म्हणून वाइन जन्मतःच फिकट. तळघर, रंग फिकट म्हणजे पाणी जास्त असं समजू नका. ग्लासमागे धरलेलं बोट दिसलं तरी वास भरभरून असू शकतो.

आता काम कसं चालतं ते. घड निवडून मणी सोडवतात आणि हौदात चार-पाच दिवस थंड, १२ ते १५ अंशांवर, नुसते ठेवतात. अजून अल्कोहोल नाही, त्यामुळे पाण्यात विरघळणारा रंग आणि फळाचा वास तेवढा सुटतो. मग यीस्ट काम सुरू करतं, तापमान ३० च्या आसपास जातं आणि साली वर येऊन त्यांचा जाड थर तरंगतो. हा थर खाली दाबणं किंवा तळाचा रस पंपाने वर सोडणं, यावर वाइनचा स्वभाव ठरतो. दाबल्याने साली-बिया घुसळल्या जातात, जास्त उतरतं. रस वरून सोडणं सौम्य.

चूक होते ती वेळेची. सुरुवातीच्या दिवसांत दाबलं तर चालतं. पण साखर निम्मी संपली की अल्कोहोल वाढलेलं असतं आणि ते बियांमधलं कडक टॅनिन, म्हणजे तोंड आवळणारा तुरट घटक, ओढून काढतं. त्यानंतर दिवसातून तीनदा दाबत बसलात तर जगातल्या कुठल्याही चुनखडकाची वोल्ने पॉमार होते. म्हणून वोल्नेतले जाणते निम्म्यानंतर हात आखडतात. एकूण मुक्काम हौदात दोन-तीन आठवडे. तापमान ३५ च्या वर गेलं तर यीस्ट मरतं, साखर तशीच अडकते, आणि अशा हौदात जिवाणू शिरून व्हिनेगरचा वास येतो. मग कितीही पिंपं नवी आणा.

माळरान
पिंपवाला, हात महत्त्वाचा हे कबूल. पण मग एकाच घरात, त्याच हातांनी, त्याच हौदात केलेली शांपां आणि तायपिए वेगळी का लागते? शांपां मधल्या उताराची, गोलसर. तायपिए वरच्या अंगाची, ताठ, खनिजासारखी. माणूस तोच आहे की.

पिंपवाला
वेगळी लागते, नाकारत नाही. फक्त 'खनिजासारखी' हा शब्द जपून. दगडातले क्षार मुळातून चढून ग्लासात लागत नाहीत, तेवढं प्रमाणच नसतं. माती ठरवते ती पाणी, उष्णता आणि मुळांची खोली, आणि त्यातून पिकण्याचा वेग. तायपिए ताठ लागते ती आंबटपणामुळे.

आणि 'वोल्ने म्हणजे मऊ' हेही सरसकट खरं नाही. दोमेन द मोंतीय या उत्पादकाची जुनी तायपिए घ्या. तिथले उबेर द मोंतीय साखर कमी घालायचे, वाइन ताठ ठेवायचे. तरुणपणी कोणी तिला मऊ म्हटलं नसतं.

नकटी_बाहुली
साखर? वाइनमध्ये? इतका वेळ मातीच्या गप्पा मारून आता साखर निघाली होय.

पिंपवाला
गोड करायला नाही. थंड वर्षी द्राक्षात साखर कमी भरते, म्हणून आंबवताना हौदात साखर घालतात. यीस्ट ती पूर्ण खातं, गोडवा उरत नाही, अल्कोहोल वाढतं. हिशोब असा: लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर म्हणजे एक टक्का अल्कोहोल. तिथलं पिंप २२८ लिटरचं, म्हणजे एका टक्क्याला पिंपामागे जवळजवळ चार किलो. कायद्याने मर्यादा आहे. एकदम न घालता थोडी थोडी, शेवटाकडे घातली तर आंबणं लांबतं आणि पोत गुळगुळीत येतो, असा कित्येकांचा रिवाज.

नकटी_बाहुली
बरं. दुसरं एक भांडण माझ्याकडून. वोल्नेवर लिहिताना 'स्त्रीसुलभ' आणि पॉमारला 'मर्दानी' हे शंभर ठिकाणी वाचायला मिळतं. त्यातून चव काय कळते? शून्य. 'टॅनिन बारीक आहे, आंबटपणा ताजा आहे, लाल चेरी-रासबेरीचा वास आहे, घोट गेल्यावर चव रेंगाळते' असं लिहा ना. धागाकर्त्याने नजाकत म्हणजे काय विचारलंय, त्याचं उत्तर हे आहे.

ल्योंकर
+१. त्यात एकाची भर: वजनाच्या मानाने लांबी. जिभेवर हलकी, पण गिळल्यावर वीस-तीस सेकंद वास घशातून नाकात येत राहतो. पातळ वाइन गिळली की संपते. फरक एवढाच, आणि तो घरी मोजून बघता येतो.

कडूकॉफी
घड्याळ लावून दारू पिणारी माणसं आहात तुम्ही.

पिंपळपार
इतिहासाची भर. वोल्नेत बर्गंडीच्या ड्यूकांची मालमत्ता होती, 'क्लो दे द्यूक' हे नाव त्यावरूनच. आज ते शेत सव्वादोन हेक्टरांहूनही थोडं कमी आणि पूर्ण एकाच घराकडे, मार्की दांजेर्व्हीलकडे. अशा एकमालकी शेताला मोनोपोल म्हणतात, लेबलवर तसं छापतात.

पिनोचं राज्यही ड्यूकांमुळे. १३९५ साली फिलीप द बोल्डने गामे ही जात उपटून टाकायचा हुकूम काढला. गामे भरपूर पिकते, लवकर पिकते, शेतकऱ्याच्या सोयीची. ड्यूकला दरबारी वाइनचं नाव खराब व्हायला नको होतं. गामे गेली दक्षिणेला, तिथली बोजोले वाइन तिच्यावर उभी आहे.

ग्रां क्रूचं म्हणाल तर कोत द बोनमध्ये लाल ग्रां क्रू एकच, कोर्तों. वोल्ने नाही, पॉमार नाही. वोल्नेला नावाचा कायदेशीर दर्जा मिळाला १९३७ साली. त्याच दशकात दांजेर्व्हील आणि नुई-सां-जॉर्ज गावचे उत्पादक आंरी गूज यांनी व्यापाऱ्यांच्या भेसळीविरुद्ध भांडण मांडलं आणि आपली वाइन स्वतः बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. तोवर व्यापारी पिंपं विकत घेत आणि दक्षिणेची गडद वाइन मिसळून बर्गंडी म्हणून खपवत. 'बर्गंडी गडद आणि जाड असते' हा समज त्या भेसळीतून आलाय.

कडूकॉफी
म्हणजे फिकट हीच असली आणि गडद नकली. आपल्या हळदीच्या उलट.

द्राक्षबागायती
इकडे नाशिकच्या बाजूने कोणी विचारायच्या आत लिहितो: पिनो आपल्याकडे का नाही. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी घडासाठी. माल येतो जानेवारी ते मार्च. पिकण्याचा शेवट वाढत्या उन्हात होतो. शिराज, कॅबर्नेची साल जाड, ती निभावून नेते. पिनोची पातळ साल उन्हाने चटकते, साखर धावत पुढे जाते, आंबटपणा पडतो आणि वास भरायला वेळच मिळत नाही. बर्गंडीत तेच पिकणं सप्टेंबरच्या थंडावत्या दिवसांत होतं.

शिवाय घड घट्ट. पिनो हे नावच पाइनच्या बोंडासारख्या घडावरून आहे. मण्यामण्यांत हवा खेळत नाही, एक पाऊस पडला की आतून कुज. भुरी आणि केवडा हे बुरशीचे रोग तिकडेही आहेतच.

उत्पादनाचा फरक बघा. वोल्नेला कायद्याने हेक्टरी साधारण ४० हेक्टोलिटरची मर्यादा. द्राक्षात एकरी दोन टनांच्या आसपास. वेलीमागे जेमतेम अर्धी बाटली. आपला खाण्याच्या द्राक्षाचा माणूस एकरी दहा टनांत विचार करतो, त्याला हे ऐकवलं तर तो बाग मोडायला सांगेल.

सुंठसाखर
किंमतीचं कोडं इथेच सुटलं की. वेलीला अर्धी बाटली.

ल्योंकर
अर्धं सुटलं. उरलेलं गारपिटीत आहे. २०१२, २०१३, २०१४, लागोपाठ तीन उन्हाळे बोन-पॉमार-वोल्ने पट्ट्यावर गारा पडल्या. त्यात वेलीची काडीही मार खाते, म्हणजे पुढच्या वर्षीचे डोळेही जातात. मग एप्रिल २०१६ चं दव गोठणं, पुन्हा एप्रिल २०२१. पिनो लवकर फुटते, कोवळे कोंब उणे दोन-तीन अंशांत जळतात. पहाटे हेक्टरी तीन-चारशे मेणाचे डबे पेटवतात, एका रात्रीचा खर्चही भक्कम. गारांसाठी आता ढगात सिल्व्हर आयोडाइड सोडणारे बर्नर पट्ट्याभर बसवलेत.

आणि आता वर्षांकडे येतो, तळघर, तुमच्या यादीसाठी. २०१८ उष्ण: फळ भरगच्च, अल्कोहोल जास्त, आंबटपणा कमी, लगेच आवडणारी. २०१९ उष्ण पण जास्त तोलाची. २०२१ थंड: माल अत्यल्प, रंग फिकट, आंबटपणा चुरचुरीत, जुन्या वळणाची. नजाकत शोधायची तर या तिघांत २०२१. फक्त त्या वर्षी देठासकट घड आंबवलेली बाटली असेल तर जपून. देठ हिरवे राहिले होते, कडवट झाक येते.

नकटी_बाहुली
देठासकट का आंबवतात पण?

पिंपवाला
देठामुळे हौदात जागा पोकळ राहते, रस निथळतो, आंबणं संथ आणि थंड चालतं. मसाल्यासारखा, वाळक्या फुलांसारखा वास येतो. किंमत म्हणजे देठ थोडा रंग शोषतात आणि पोटॅशियम सोडून आंबटपणा कमी करतात. म्हणून उष्ण वर्षी, जिथे आंबटपणा आधीच कमी, तिथे प्रमाण ठरवताना कसरत. बोनमध्ये द्राक्षतोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून सलग जोडलीय. १९८८ नंतर तोडणी सरासरी तेरा दिवस अलीकडे आली. पूर्वी साखर कशी वाढवायची हा प्रश्न होता, आता आंबटपणा कसा राखायचा हा.

खवचट_खडीसाखर
कोणीतरी पाचव्या शंकेला उत्तर द्या. बाटली पुण्यात उकडून चाललीय.

फडताळ
देतो. सामानात बाटली चेक-इनमध्येच जाते, हातातल्या बॅगेत नाही. दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, बसतं. बाटली आधी मोज्यात, मग प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत, मग बॅगेच्या मधोमध कपड्यांत. कडेला ठेवली तर फुटते.

घरी आल्यावर. आदर्श १२ ते १४ अंश, अंधार, आडवी. पुण्यातल्या मे महिन्याच्या कपाटात ३३-३५ सहज होतं. तेवढ्यात वाइन प्रसरण पावून बूच वर सरकतं, कडेने झिरपते, हवा आत जाते आणि शिजलेल्या मनुकांसारखा वास येतो. बूच बाटलीच्या तोंडाच्या वर आलेलं बोटाला लागलं की समजा गेली. त्यापेक्षा साधा फ्रिज बरा. सर्वांत खालचा कप्पा, कागदात गुंडाळून, आडवी. दोन-तीन महिने काही होत नाही. त्यापुढे मात्र फ्रिजच्या कोरड्या हवेत बूच सुकतं.

वाइनचा वेगळा फ्रिज घेणार असाल तर कॉम्प्रेसरवालाच. बिनआवाजाचे, बिनकॉम्प्रेसरचे जे मिळतात ते बाहेरच्या तापमानापेक्षा दहा-पंधरा अंशच खाली उतरवतात. नागपूरच्या ४४ अंशांत त्यात २९ ते ३४ राहील, म्हणजे महाग कपाट.

सुंठसाखर
आणि प्यायची किती थंड? 'रूम टेंपरेचर' म्हणतात ना लालला.

फडताळ
ती खोली फ्रान्समधली, तीही हिटर यायच्या आधीची. वोल्नेला १५-१६ अंश. तीस अंशांवर ओतली तर अल्कोहोल नाकात घुसतं, वास विस्कटतो आणि वाइन ढिली लागते. फ्रिजमधून काढली तर अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा. बाहेरून थंड करायची तर फ्रिजमध्ये दीड-दोन तास, किंवा बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी, मानेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं. नुसता बर्फ टाकू नका. बर्फाच्या खड्यांत हवा राहते आणि दुप्पट वेळ लागतो.

ग्लास मोठ्या पोटाचा, तोंडाशी आवळलेला, आणि एक तृतीयांशच भरायचा. २०२१ सारखी तरुण बाटली अर्धा तास आधी उघडून ग्लासातच फिरवा, भांड्यात ओतायची गरज नाही. वीसेक वर्षांची जुनी असेल तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा, गाळ तळाला बसतो. आणि जुनं बूच साध्या स्क्रूने तुटतं, दोन पात्यांचा चिमटा लागतो.

नकटी_बाहुली
उघडल्यावर काडेपेटीसारखा वास आला तर?

पिंपवाला
घाबरू नका, ती हवेविना राहिल्याची खूण. जोरात फिरवा, दहा मिनिटांत जातो. नाही गेला तर स्वच्छ घासलेलं तांब्याचं नाणं ग्लासात दोन मिनिटं बुडवून काढा, गंधकाचा वास तांबं धरतं. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा तळघराच्या कुबट वासाचा मात्र इलाज नाही. तो बुचाचा दोष, आणि वेळ जाईल तसा वाढतच जातो.

कडूकॉफी
सोबत काय? तांबडा रस्सा?

नकटी_बाहुली
नको हो. तिखटाने अल्कोहोल जास्त जाळतं आणि बारीक टॅनिन रुक्ष वाटतं. पन्नास युरोच्या वाइनची चव रश्श्याखाली गाडली जाईल. सावजी, शोरीस, सगळं बाद. शोरीसमधलं व्हिनेगर तर आणखी वाईट. भाजलेली कोंबडी, मिरी-लसणावर परतलेली अळंबी, कमी तिखटाचं बदक. बांगडा, सुरमईसोबतही नको. लाल वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल मिळून हिवस धातूसारखी चव येते. तिखटच खायचं असेल तर थंड बिअर आहे की.

पिंपळपार
बोनकडे जाणाऱ्यांसाठी जाता जाता. दिजोंहून रेल्वेने वीसेक मिनिटं. बोनहून द्राक्षबागांमधून सायकलची वाट निघते, पॉमार, वोल्ने, मर्सो करत सांतने गावापर्यंत. छोटे उत्पादक अचानक दारात आलेल्यांना घेत नाहीत, आठवडे आधी पत्र लिहावं लागतं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी १४४३ साली स्थापन झालेल्या ओस्पीस द बोन या रुग्णालयाच्या वाइनचा लिलाव असतो, १८५९ पासून. त्यात वोल्नेची पिंपंही असतात.

तळघर
अपेक्षेपेक्षा फार जास्त मिळालं, वाचनखूण साठवली. म्हणजे साँतनो २०२१ नक्की. दुसरी कोणती? पॉमार २०१९ घेऊन शेजारी शेजारी चाखावी असं वाटतंय.

माळरान
तुलना करायची तर वर्ष एकच हवं. २०२१ थंड, २०१९ उष्ण. जो फरक लागेल तो मातीचा की उन्हाचा, कळणार नाही.

पिंपवाला
किंवा हाताचा.

ल्योंकर
दोघंही बरोबर, म्हणून माझं मत: त्याच उत्पादकाची २०२१ ची मोंतली मागा. वोल्नेला लागूनचं गाव, उतार पुढे तोच, नाव कमी आणि भाव बराच कमी. मिळाली नाही तर त्याच घरची साधी 'बर्गोन्य कोत दॉर'. उत्पादक एक, वर्ष एक, बदलते ती फक्त जागा. आणि साँतनो कोणाची आहे ते आधी बघा, लेबलवर तळाशी बारीक अक्षरांत 'मीज आं बुतेय ओ दोमेन' असेल तर शेतकऱ्याने स्वतः भरलेली.

तळघर
मित्राला विचारलं. मोंतली आहे, २०२१ चीच, साँतनोच्याच घरची. दोन्ही मिळून पॉमारवाल्या जोडीपेक्षा स्वस्त. खालचा कप्पा आत्ताच रिकामा केला, आंब्याचा रस वर हलवलाय.

कडूकॉफी
मे महिन्यात आमरस वरच्या कप्प्यात? हा धागा आता योग्य त्या भांडणाला लागला.